द्राक्षांचे कान

ती वरच्या मजल्यावरची खिडक्यांची रांग दिसते ना, लाकडी झडपांची, तिथे आपल्याला जायचं आहे. पण इतक्यात नाही. आधी इथे तुतीखाली बाकावर बसा, कॉफी घ्या, आणि ज्याला जे बोलायचं असेल ते बोलून घ्या. एकदा त्या दगडी पायऱ्या चढून माळ्यावर गेलात की खाली येईपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. प्रश्न विचारायचे नाहीत, फोन घ्यायचा नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाला कसलं वचन द्यायचं नाही.

हसताय काय, बाबासो? मघाशी फाटकातून आत येताना तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंय. "ताई, फुडल्या साली मालकिणीला घिऊन येतोच बगा!" अंगणात म्हणालात म्हणून मी सोडून दिलं. माळ्यावर म्हणाला असतात तर तुम्हाला यावंच लागलं असतं. जिवंत असलात तरी, आणि नसलात तरी.

बघा, आता कुणी हसत नाही.

मी तुमच्याच तासगाव तालुक्यातली, सावळजची. आमचे हे फवारणीची यंत्रं विकायला सांगलीला आले होते, ते मला घेऊन परतले. यंत्रं किती खपली ते मी अजून विचारलेलं नाही. तेव्हापासून वेरोनाजवळच्या या व्हाल्तोरना गावात आहे, केस इथेच पांढरे झाले. पाहुणे आले की गावकरी मलाच पुढे करतात, कारण ही गोष्ट अथपासून इतिपर्यंत येणारी आता मीच उरले. मला ती सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूने. खरी की खोटी ते मला विचारू नका. ऐकली तशी सांगते.

तुम्ही सगळे द्राक्षवाले, त्यामुळे फार फोड करून सांगावं लागणार नाही. कमळाक्कांना तर नाहीच. मालक गेल्यापासून सगळी बाग एकटीने बघतात, बसमध्ये त्या मलाच छाटणी शिकवत होत्या. तर या डोंगरपट्ट्याला वाल्पोलिचेल्ला म्हणतात. इथे माल काढला की लगेच गाळत नाहीत. आपण बेदाण्यासाठी शेडमध्ये रॅकवर घड टाकतो ना, तसे इथे माळ्यावर बांबूच्या तट्ट्यांवर पसरतात. आपला बेदाणा पंधरवड्यात तयार होतो, यांचा माल अख्खा हिवाळा पडून राहतो. सुरकुततो, हलका होतो, आतली साखर दाट होते. मग कुठे गाळायला घेतात.

आणि वाईन एका जातीची नसते, तीन जाती मिसळतात. मोठा वाटा कोर्व्हिनाचा. मणी काळेभोर, नाव कावळ्यावरून पडलं म्हणतात. दुसरी रोंदिनेल्ला, म्हणजे पाकोळी. थंडीत निघून जाते आणि ऊन पडायला लागलं की वळचणीच्या घरट्यात परत येते, तो पक्षी. तिसरी मोलिनारा, म्हणजे पिठाच्या चक्कीवाली. तिच्या मण्यांवर पांढरी भुकटी अशी असते की जणू दळण करता करता कुणी हात फिरवलाय. हल्ली कायद्याने मोलिनारा घालायची सक्ती राहिली नाही. रंग फिका, चव जराशी खारट, म्हणून पुष्कळांनी तिचे वेल काढून टाकले. आमच्या गावात मात्र मूठभर का होईना, ती पडतेच.

एक शब्द तेवढा लक्षात ठेवा. घडाला वरच्या अंगाला दोन बाजूंनी ज्या पाकळ्या फुटतात, त्यांना इथले लोक कान म्हणतात. ऊन त्यांनाच जास्त लागतं, गोडी त्यांच्यातच जास्त उतरते. म्हणून पूर्वी घडाचे फक्त कान तोडून सुकवत आणि त्यांची गोड वाईन करत. त्या वाईनचं नावच मुळी कानावरून पडलंय. आपण म्हणतो भिंतीला कान असतात. इथे भिंतीला नसले तरी चालतं.

तर पूर्वी या डोंगरात फक्त ती गोड वाईन व्हायची. आज जी जगभर जाते ती कडवट, तिचं नावही कडू या शब्दावरूनच आलंय. गोडाची कडू कशी झाली? शहरातले जाणकार सांगतात, कुणीतरी कोपऱ्यातलं एक पिंप विसरला. गोड वाईन करायची तर फसफसणारा रस वेळेवर एका पिंपातून दुसऱ्यात काढावा लागतो, म्हणजे उकळी थांबते आणि साखर शिल्लक राहते. तसाच ठेवला तर तो आपली साखर आपणच खाऊन टाकतो. तसं झालं, म्हणे, आणि विसरभोळ्याच्या चुकीतून ही वाईन जन्माला आली. आमचं गाव ते ऐकून घेतं. गावाचं म्हणणं असं, की ते पिंप कुणी विसरलं नव्हतं.

इथे व्हेनिसचं राज्य होतं त्या काळातली गोष्ट. येताना ओढ्याकाठी पडकी भिंत पाहिलीत ना, तिथे पाणचक्की होती असं सांगतात. चक्कीवाला झुआने, त्याची बायको ओर्सोला, आणि एकुलती एक लेक बेत्ता, दुधाचे दात पडायच्या वयाची. चक्की खाली ओढ्यावर, आणि राहायचं घर हे. हाच माळा.

ओर्सोला शब्दाची पक्की. पीठ उद्या देते म्हणाली की उद्याच द्यायची, मग रात्रभर चक्की चालवावी लागो. आणि तेव्हाही गावात हा समज होताच, की सुकत घातलेल्या द्राक्षांसमोर तोंड सांभाळावं. द्राक्षं ऐकतात. हिवाळाभर नुसतं पडून राहायचं, त्यांना दुसरं काम तरी काय? आणि ऐकलेलं ती खरं करून सोडतात. म्हणून बायका घड उलटायला वर जाताना दातांत बडीशेपेची काडी धरायच्या, बोलायचा मोह नको म्हणून.

त्या साली वेरोनात महामारी आली. शहराची दारं बंद झाली, आणि आत अडकलेल्यांना पीठ कोण पोचवणार असा प्रश्न पडला. झुआने गाडी जुंपून निघाला. लेकीला म्हणाला, आलोच. हे तो अंगणात म्हणाला होता, असं सांगणारे मुद्दाम सांगतात.

तो आला नाही. सुगी झाली, कान तोडून झाले, तट्ट्या भरल्या. मग एक दिवस एक गाडीवान चक्कीच्या दाराशी थांबला आणि खाली न उतरताच त्याने ओर्सोलाला सांगितलं, की झुआने गेला. इतर शेकडोंबरोबर त्याला खड्ड्यात ठेवलं, वर चुना ओतला. पाद्री नाही, घंटा नाही, कुणाचं नावही उच्चारलं नाही. ओर्सोलाने गाडीवानाला पाणी दिलं. दार लावलं. आणि दळत राहिली, कारण गावाला भाकरी लागणारच होती.

बेत्ता त्या आधीच अंथरुणाला खिळली होती. महामारी नव्हे, साधा ताप, पण उतरेना. बापाची वाट बघून बघून तिने अन्न टाकलं होतं. खालच्या खोलीत ओल फार, म्हणून ओर्सोलाने तिची खाट माळ्यावर हलवली, जिथे वारा खेळता असतो. तट्ट्यांच्या मधोमध. आता तुम्हीच सांगा, जिच्या लेकीच्या गळ्याखाली घास उतरत नाही त्या बाईला काडी दातांत धरायचं भान राहील का?

पोरीने विचारलं, "आई, बाबा कधी येणार?"

ओर्सोला म्हणाली, "येतील. द्राक्षं सुकायच्या आत येतील. मग आपली नवी गोड वाईन झाली की तिघं मिळून पिऊ, आणि बाबा तुला गाडीत बसवून वेरोनाला जत्रेला नेतील."

"नक्की?"

"नक्की."

जन्मात पहिल्यांदा ती खोटं बोलली. आईने लेकरासाठी बोललेलं खोटं कोण मोजतो, असं तिला वाटलं. पण ते मोजायचं काम तिच्याकडे नव्हतं. सासूबाई सांगायच्या, त्या क्षणी माळ्यावरचा वारा थांबला आणि तट्ट्यांवरचे सगळे कान एकदम हलके हलले. मला ते थोडं मीठमसाला लावलेलं वाटतं. पण हे सांगताना त्या स्वतः नेहमी दाराकडे बघायच्या.

त्या दिवशी बेत्ताने वाटीभर पेज खाल्ली. दुसऱ्या दिवशी उठून बसली. ओर्सोलाने देवाचे आभार मानले.

आणि मग एका तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या वेळी, पायऱ्यांवर पावलं वाजली.

ओर्सोला तेव्हा चक्कीवरून घरी येत होती. अंगणातून तिला माळ्यावर लेकीचं हसणं ऐकू आलं. धावत वर गेली तर बेत्ता एकटीच, गाल लाल, डोळे चमकणारे. "आई, बाबा आले होते. आत्ताच उतरले. दिसले नाहीत तुला?" आणि तिने पायऱ्यांकडे बोट दाखवलं. पायऱ्यांवर पांढरी पावलं उमटली होती. चक्कीवाल्याची पावलं पांढरीच असायची, पीठ अंगावरून जातंय कुठे. पोरीला त्यात नवल वाटलं नाही.

पण ओर्सोलाचं आयुष्य पिठात गेलेलं. तिने वाकून बोट लावलं, आणि बोटाला कळलं की हे पीठ नाही. जिभेला लावून बघितलं. चुना जिभेला काय करतो ते तुमच्यात तंबाखू मळणारे आहेत त्यांना सांगायला नको. ती तिथेच पायरीवर बसली, भाजलेली जीभ दाताखाली धरून.

त्यानंतर तो रोज दिवेलागणीला येऊ लागला, असं सांगतात. खाटेपाशी तिपाईवर बसायचा. थंडीचा श्वास तोंडातून वाफेसारखा येतो ना, बेत्ताच्या यायचा, ओर्सोलाच्या यायचा, त्याच्या नाही. लेक बडबडायची, तो ऐकायचा. ओर्सोलाशी बोलायचा नाही, नुसता बघायचा. पहिले काही दिवस ती दाराशी उभी राहिली. मग आत आली. मग एका संध्याकाळी खुंटीवरचा त्याचा जुना कोट आणून तिने त्याच्या खांद्यावर घातला, आणि समोर बसली.

आता हे मला सरळच सांगू दे. तिला बरं वाटत होतं. अख्ख्या खोऱ्यात सुतक, घरटी एक माणूस गेलेलं, आणि त्या एका माळ्यावर तिघं जणं दिव्याभोवती बसलेली. गेलेला माणूस दारात उभा राहिला तर तुम्ही त्याला हाकलाल? मी नाही हाकलणार. तीही ते सुख धरून बसली. पोर बाळसं धरत होती. चुना रोज सकाळी ती पुसून काढायची.

मग एक दिवस बेत्ता तिची जत्रेची शाल धुऊन मागू लागली.

"कशाला ग?"

"जायचंय ना. बाबा म्हणतात, वाईन गोड झाली की निघू. गाडी आणतो म्हणाले."

ओर्सोलाला स्वतःचंच वाक्य आठवलं. तुला गाडीत बसवून नेतील. वेरोनाला. पण वेरोनात तो आता राहत कुठे होता? त्या खड्ड्यात. मेलेला माणूस लेकीला दुसरीकडे नेणार तरी कुठे? आणि त्यात त्याचा काय दोष! तो आपल्या मर्जीने येत नव्हताच. तिचा शब्द त्याला चुन्यातून ओढून आणत होता, आणि तोच शब्द त्याच्या हातून लेकीला नेणार होता.

ती माळ्यावर धावली आणि एक तट्टी उचलून खिडकीबाहेर पालथी करायला निघाली. द्राक्षंच नसली तर वाईन कशाची? पण तट्टी तिरपी झाली मात्र, आणि मागे बेत्ताचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. ओर्सोलाने तट्टी जागेवर ठेवली तेव्हा कुठे पोर श्वास घेऊ लागली. तिला तेव्हा उमगलं. लेक पेजेवर जगली नव्हती, शब्दावर जगली होती. तो मोडला तर पोर जाणार. पुरा झाला तरी पोर जाणार.

त्या दिवसापासून ती दातांत काडी धरून काम करत राहिली, आणि मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा घोळवत राहिली. तांदूळ निवडताना खडा हाताला लागतो तसा शेवटी एक शब्द तिला लागला. गोड. ती म्हणाली होती, नवी गोड वाईन झाली की.

तिने द्राक्षं गाळली. तिन्ही जातींची, एकत्रच. पिंप भरलं, रस फसफसू लागला. मग पिंप बदलायची वेळ आली आणि तिने बदललं नाही. शेजारणी ओढ्यावर विचारायच्या, "ओर्सोला, अगं रस काढलास की नाही दुसऱ्या पिंपात? कडू होईल हं." ती मान हलवायची आणि पुढे जायची. बायका आपसात म्हणायच्या, नवऱ्याच्या दुःखात बिचारी विसरली. शहरातल्या जाणकारांना जी गोष्ट पोचली ती तिथूनच पोचली असणार. लोकांना विसरलेली बाई समजते. जाणूनबुजून सोन्यासारखी वाईन कडू करणारी बाई कुणाला समजणार?

तुम्ही बागवाले आहात, तुम्हाला कळेल तिला ते किती जड गेलं असेल. तयार माल डोळ्यांदेखत वाया जाऊ द्यायचा. आणि त्याहून मोठं म्हणजे, वाईन कडू झाली की तो येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. रोज ती स्वतःच्या हाताने त्याला थोडं थोडं लांब ढकलत होती.

तोही आता लेकीपाशी कमी बसायचा. खाली तळघरात उतरायचा आणि पिंपाला कान लावून उभा राहायचा. आतली उकळी ऐकायचा. ती थांबायची वाट बघायचा. ओर्सोला दिवा घेऊन तळघराच्या दारात उभी असायची, आणि मनात म्हणायची, थांबू नकोस. खात राहा. सगळी गोडी खाऊन टाक.

थंडी सरली. वळचणीला पाकोळ्या परत आल्या. आणि एका तिन्हीसांजेला पिंप गप्प झालं.

त्या संध्याकाळी फाटकापाशी चाकं वाजली. गाडीच्या मागे रस्त्यावर दोन पांढऱ्या रेघा पडल्या होत्या, असं सांगतात. बेत्ता शाल पांघरून, केस विंचरून तळघराच्या दारात उभी होती, आनंदाने एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. झुआने पिंपाशी. ओर्सोलाने तीन पेले भरले.

बेत्ताने घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शी! आई, कडू आहे!"

फाटकापाशी घोडा खिंकाळला आणि मग काहीच आवाज राहिला नाही. शब्द मोडला नव्हता. तो पुरा होणार नव्हता, इतकंच. पुढच्या साली नाही, त्याच्या पुढच्याही नाही, जोवर या घरात वाईन कडू होत राहील तोवर नाही. आणि पोर तिथेच उभी होती, श्वास घेत.

झुआनेने आपला पेला शेवटपर्यंत रिकामा केला. मग ओर्सोलाकडे बघितलं, आणि हिवाळाभरात पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"ओर्सोला, यंदा विसरलीस वाटतं."

पिंपाबद्दल म्हणत होता तो. रागाने नाही, घरातलं माणूस विचारतं तसं. आता ती काय म्हणणार? नाही, विसरले नाही, तुला घालवायला मुद्दाम केलं? लेकीच्या देखत? ज्याने वाट बघून बघून पेला रिकामा केला त्याच्या तोंडावर? तिने त्याचं मन राखलं. ती म्हणाली, "हो. विसरले."

पण उभी कुठे होती ती? पिंपासमोर. आणि पिंपात होतं काय? तेच कान. आणि काय विसरले, ते तिने सांगितलंच नव्हतं.

तो वळला, पायऱ्या चढून गेला. चाकं वाजली, लांब लांब होत गेली. बेत्ता आईच्या कमरेला मिठी मारून रडू लागली. आणि ओर्सोला तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "अगं, रडतेस काय? कोण होता तो पाहुणा?"

त्यानंतर ती खूप वर्षं जगली. चक्की चालवली, लेकीचं लग्न केलं, नातवंडं मांडीवर खेळवली. सगळं आठवायचं तिला. एक नवरा तेवढा आठवायचा नाही. नाव नाही, चेहरा नाही. खुंटीवरचा कोट बघून विचारायची, हा कुणाचा ग, कुणी विसरून गेलं का? बेत्ताने एकदाच सांगून बघितलं, बाबांचा. ओर्सोला अशी हसली, जशी आपण परक्या माणसाच्या बोलण्याला भिडेखातर हसतो. मग बेत्ताने पुन्हा सांगितलं नाही. पण सासूबाई म्हणायच्या, कानांनी तिच्या तोंडचा शब्द घेतला, हात थोडेच घेतले? रोज संध्याकाळी पान वाढताना ओर्सोला एक पेला जास्तीचा मांडायची. कुणासाठी, विचारलं तर गोंधळायची, आणि तरी उचलायची नाही.

आई गेल्यावर बेत्ताने, तेव्हा ती स्वतः म्हातारी झालेली, हे सगळं गावाला सांगितलं असं म्हणतात. कावळ्यासारखा पलीकडून येणारा तो बाप, पाकोळीसारखी जाता जाता राहिलेली ती लेक, आणि पिठाच्या हातांची ती आई. म्हणून आमच्या गावात मोलिनारा वगळत नाहीत. तिघं एकत्र येतात ती आता याच पेल्यात. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेना की आपण काय अडलंय ते ओळखून मनातल्या मनात वचन देतो, आणि गेलेला सुटतो. इथे नेमकं उलटं आहे. इथे वचन दिलं की तो अडकतो.

आता माळ्यावर काय दिसेल ते सांगते. सगळ्या तट्ट्या भरलेल्या, खिडकीजवळची एक रिकामी. द्राक्षं गाळायच्या दिवशी, तिन्हीसांजेला, घरातल्या बाईने गेल्या सालच्या वाईनचा पेला त्या रिकाम्या तट्टीवर नेऊन ठेवायचा आणि मागे न बघता उतरायचं, अशी चाल आहे. सासूबाईंनी तो पेला माझ्या हातात पहिल्यांदा दिला ते साल मी विसरणार नाही. सावळजला माझे वडील, अण्णा, त्याच हिवाळ्यात गेले होते. मला पोचता आलं नव्हतं, बर्फाने विमानं बंद होती. सासूबाई एवढंच म्हणाल्या, काही ऐकू आलं तर उत्तर देऊ नकोस.

मी पेला ठेवला. वळले. आणि पाठीमागून आवाज आला. या गावात मी एकटी मराठी आहे, आणि आवाज मराठीत आला. आमच्या अण्णांचा, तंबाखूने जाड झालेला.

"बाळे, इसरलीस वाटतं."

मी ओठ चावला. रक्त आलं. हो म्हणाले असते तर खरंच विसरले असते. नाही म्हणाले असते तर ते रोज येत राहिले असते, आणि रोज येणाऱ्याला कधीतरी न्यायची आठवण होतेच. मी पायऱ्या उतरले आणि इथे या बाकावर येऊन बसले. सासूबाई शेजारी बसल्या. मी विचारलं, तुम्हाला कुणाचा ऐकू येतो? म्हणाल्या, माझ्या आईचा.

चला, कॉफी झाली असेल तर उठू या. फोन बंद करा. पायऱ्यांवर पांढरे डाग दिसतील, ते आता घासूनही जात नाहीत. पीठ म्हणा, चुना म्हणा, पण जिभेला लावून बघू नका. आजही पेला ठेवला जातो, आजही तो प्रश्न वर जाणाऱ्या कुणालाही येतो, आणि आजही व्हाल्तोरनात त्याला कुणी उत्तर देत नाही.

काय म्हणालात, कमळाक्का? येत नाही? अहो, पाय दुखत असतील तर सावकाश... नाही?

"पायाचं काय न्हाई, ताई. मालकांनी इचारलं तर माझ्यानं गप ऱ्हावणार न्हाई."

बरं. मग बसा तुम्ही इथेच. मीही बसते तुमच्याजवळ. बाबासो, तुम्ही सगळ्यांना घेऊन वर जा, तोंड मिटून.

संकोचू नका, अक्का. आजही दर खेपेला आलेल्यांपैकी कुणीतरी एक जण खालीच राहतं. हा बाक त्यांच्यासाठीच ठेवलेला आहे.